पगार सांगणाऱ्या साईटी आणि नवा सिव्हिल इंजिनिअर : वापरून लिहिलेला रिव्ह्यू, 5 पैकी अडीच

आधी मार्क देऊन टाकते, कारणं नंतर. पगार दाखवणाऱ्या साईटी आणि ॲप, म्हणजे ॲम्बिशनबॉक्स, ग्लासडोअर आणि तसल्या बाकीच्या, सिव्हिलमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलामुलींसाठी 5 पैकी अडीच. आणि हे अडीच पगाराच्या आकड्यासाठी नाहीत, आकड्याच्या खाली लोक जे चार ओळी लिहितात त्यासाठी आहेत.

मी पुण्यात एका कॉन्ट्रॅक्टरकडे बिलिंगला आहे, त्याआधी बांधकामाच्या साईटवर होते, डिप्लोमा सांगलीकडे केला आणि मग डायरेक्ट सेकंड इयरला डिग्री, त्यामुळे डिप्लोमावाल्यांचे आणि डिग्रीवाल्यांचे दोन्ही ग्रुप माझ्या फोनमध्ये आहेत आणि दोन्हीकडून प्रश्न एकच येतो, ताई एवढे देतायत, बरोबर आहे का, घेऊ का. सोबत कुठल्यातरी साईटचा स्क्रीनशॉट असतो, ॲव्हरेज सॅलरी अमुक, आणि मूल एकतर खट्टू झालेलं असतं नाहीतर उगाच खूश. म्हणून हे नीट बसून लिहितेय, कारण पहिल्या नोकरीचा पगार चुकीच्या आकड्याशी ताडून बघितला की चांगली नोकरी हातची जाते किंवा वाईट नोकरीत दोन वर्षं अडकायला होतं, दोन्ही मी जवळून बघितलंय.

पहिली गोष्ट, हे आकडे येतात कुठून. लोक स्वतः भरतात, नाव न देता. यात वाईट काही नाही, उलट भारतात पगार उघड बोलायची पद्धतच नाही त्यामुळे एवढं तरी मिळतंय हे चांगलंच. पण सिव्हिलमध्ये ‘साईट इंजिनिअर’ असं टाकून शोधलं की त्यात टेलिकॉम टॉवरचा साईट इंजिनिअर येतो, सोलरवाला येतो, इंटिरियरवाला येतो, लिफ्ट बसवणारा येतो. सगळ्यांचं पदनाम एकच आणि कामाचा एकमेकांशी संबंध शून्य. ‘ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी’ टाकलं तर मोठ्या कंपन्यांत मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, सिव्हिल सगळे त्याच पदावर लागतात, आकडा सगळ्यांचा मिळून. मग अनुभवाचा गट, शून्य ते तीन वर्षं वगैरे. अहो सिव्हिलमध्ये पहिली तीन वर्षं म्हणजे माणूस पूर्ण बदलतो. पहिल्या वर्षी तो टोटल स्टेशन (मोजणीचं यंत्र) चालवणाऱ्याच्या मागे प्रिझम घेऊन फिरत असतो आणि तिसऱ्या वर्षी स्लॅबचं चेकिंग, पोअर कार्ड (काँक्रीट ओतायच्या परवानगीचा कागद), आरए बिलाची, म्हणजे चालू कामाच्या बिलाची, मेजरमेंट हे सगळं एकट्याने काढतो. त्या दोघांचं ॲव्हरेज काढून काय कळणार.

डिप्लोमा आणि डिग्री तर बहुतेक ठिकाणी वेगळं केलेलंच नसतं. आणि आपल्याकडे अर्ध्या कंपन्यांत एकाच टेबलवर दोघं तेच काम करत असतात, पगार मात्र वेगळा.

बिल्डरांची अजून एक भानगड आहे, प्रत्येक प्रोजेक्टची वेगळी एलएलपी, म्हणजे भागीदारीतली वेगळी कंपनी, काढायची. बोर्डवर ग्रुपचं नाव मोठं असतं, ऑफर लेटरवर भलतंच नाव असतं, आणि त्या नावाने पगाराच्या साईटवर शोधलं की एकही एन्ट्री नाही. मग पोरं ग्रुपच्या नावाची एन्ट्री बघतात, ती असते हेड ऑफिसमधल्या सेल्सवाल्याची नाहीतर अकाउंट्सवाल्याची. लेटरवर जे नाव आहे तीच तुमची कंपनी, पीएफसुद्धा त्याच नावाने भरला जाणार, त्यामुळे चौकशी त्या नावाची करायची.

आता आकड्याचं. पगाराच्या साईटवर बहुतेक वर्षाचा सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च दिसतो, तीन लाख, साडेतीन लाख असा. आमच्या ग्रुपवरची बहुतेक मुलं त्याला 12 ने भागतात आणि घरी सांगून मोकळी होतात की 25 हजार मिळणार. हे एकदा कागदावर मांडून बघा. समजा सीटीसी 3 लाख, महिन्याचे 25,000, त्यात बेसिक निम्मं म्हणजे 12,500. कंपनीच्या वाट्याचा पीएफ 12 टक्के म्हणजे 1,500, तो यातूनच. ग्रॅच्युइटी म्हणून बेसिकच्या 4.81 टक्के धरतात, साधारण 600. उरले 22,900 च्या आसपास, हा ग्रॉस. यातून तुमच्या वाट्याचा पीएफ परत 1,500 आणि प्रोफेशनल टॅक्स 200, हातात आले 21,200 च्या आसपास. हे सरळ लेटर झालं. आता त्याच तीन लाखात वर्षाचे 30,000 ‘व्हेरिएबल’ नाहीतर ‘परफॉर्मन्स बोनस’ म्हणून बाजूला काढले असतील तर महिन्याचा ग्रॉस 21,000 च्या खाली येतो, मग ईएसआयसी (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) लागू होतं, कंपनीचा वाटा सव्वातीन टक्के आणि तुमचा पाऊण टक्का, आणि कंपनीने स्वतःचा वाटा सीटीसीतच धरला असेल तर हातात येतात 18 हजाराच्या जवळपास. सीटीसी तोच, तीन लाख. महिन्याला तीन-सव्वातीन हजारांचा फरक, आणि पुण्यात तेवढ्यात मेस निघते.

(मुलींनो, महाराष्ट्रात एप्रिल 2023 पासून महिन्याला 25,000 पर्यंत पगार असलेल्या महिलांना प्रोफेशनल टॅक्स नाही. पेस्लिपवर 200 कापलेले दिसले तर अकाउंट्सला जाऊन विचारा, बऱ्याचदा सॉफ्टवेअरमध्ये सेटिंग तसंच राहिलेलं असतं.)

पीएफ कापला म्हणून नाराज होऊ नका, ते पैसे तुमचेच आहेत, आणि ईएसआयसी म्हणजे आईवडील तुमच्यावर अवलंबून असतील तर त्यांच्याही दवाखान्याची सोय. नाराज व्हायचं ते व्हेरिएबलवर. फ्रेशरच्या पगारात व्हेरिएबल कशाला हवं? स्लॅब वेळेत पडला नाही तर तो कालच लागलेल्या पोरामुळे पडला नाही असं कधी झालंय का? ड्रॉइंग उशिरा येतं, क्लायंटचं पेमेंट अडकतं, आरएमसीचा, म्हणजे तयार काँक्रीटचा, प्लँट बंद असतो, मुकादम गावाला जातो. यातलं काहीही ट्रेनीच्या हातात नसतं. एवढा भाग मला मनापासून चुकीचा वाटतो आणि लेटरमध्ये दिसला की मी सरळ सांगते, ही रक्कम शून्य धरून हिशोब कर.

पण या साईटींचे मार्क मी खरे कापले ते दुसऱ्याच कारणाने. सिव्हिलचा पगार हा नुसता आकडा नसतो, त्याला तास चिकटलेले असतात, गाव चिकटलेलं असतं, रूम आणि मेस चिकटलेली असते, आणि या साईटी ते सगळं काढून टाकून नुसता आकडा ठेवतात. बांधकामाच्या साईटवर सकाळी आठला हजेरी, संध्याकाळी सात-आठला डीपीआर (दिवसभराच्या कामाचा रिपोर्ट) पाठवून सुटायचं, स्लॅब असेल तर रात्रीचे दोन, रविवारी ‘अर्धा दिवस’, आणि बहुतेक ठिकाणी इंजिनिअरला ओव्हरटाईम नाही. मजुराला आहे, मिस्त्रीला आहे. आमच्या साईटवर चांगला मिस्त्री दिवसाला 900 घेतो, 26 दिवस भरले तर 23,400 झाले, वर ओव्हरटाईम वेगळा. त्याला मिळायलाच पाहिजेत, त्याच्या हातात कला आहे आणि उन्हात राबतो तो. पण त्याच्या कामावर सही करणाऱ्याला किती मिळावं हे ठरवताना हा आकडा डोळ्यासमोर ठेवा.

मी मुलांना तासाचा दर काढायला लावते. उदाहरण घेऊ. एक ऑफर हायवेच्या साईटवरची, जालन्याच्या पुढे कुठेतरी, हातात 22,000, कंपनीची रूम आणि मेस, महिन्यात दोन सुट्ट्या, बारा-बारा तास. म्हणजे 28 दिवस गुणिले 12, 336 तास. दुसरी पुण्यात स्ट्रक्चरल कन्सल्टंटच्या ऑफिसात, हातात 18,000, दोन शनिवार आणि सगळे रविवार सुट्टी, नऊ तास, म्हणजे 24 दिवस धरून 216 तास. नुसता भागाकार केला तर साईटचे तासाला 65 रुपये आणि ऑफिसचे 83. ऑफिस भारी वाटतं ना? आता मुलगा लातूरचा आहे आणि पुण्यात कॉट बेसिसवर राहणार, भाडं आणि मेस मिळून साडेआठ हजार गेले असं धरू, उरले साडेनऊ, तासाला 44. साईटवाल्याचे जवळजवळ सगळे उरतात, 65 चे 65. आणि हीच ऑफिसची ऑफर घेणारा मुलगा कोथरूडला आईवडिलांकडे राहत असेल तर दीड हजार पेट्रोल काढून साडेसोळा उरतात, तासाला 76. दोन ऑफर, दोन मुलं, आणि उत्तर उलटंसुलटं. हे कुठल्याच साईटवर दिसणार नाही कारण तिथे तासही भरलेले नसतात आणि रूमही भरलेली नसते.

रूम म्हणजे काय तेही विचारायचं बरं का. लेटरवर ‘बॅचलर अकोमोडेशन’ असतं आणि प्रत्यक्षात पत्र्याच्या शेडमध्ये सहा जण असतात, मार्च-एप्रिलमध्ये विदर्भ-मराठवाड्यात पत्र्याखाली रात्री झोप लागत नाही. मुलींसाठी तर मी अजून पुढे जाऊन सांगते, साईटवर टॉयलेट आहे का, रात्री स्लॅब असेल तर सोडायला गाडी आहे का, रूम वेगळी आहे का, हे पगाराच्या बोलणीतच विचारायचं, लाजायचं नाही. हे नसेल तर स्वतःच्या खिशातून रिक्षा आणि वेगळं भाडं जाणार, म्हणजे पगार तेवढा कमी झाला. आणि जी कंपनी हा प्रश्न ऐकून तोंड वाकडं करते तिचं उत्तर तुम्हाला तिथेच मिळालं.

आता कौतुक, कारण अडीच मार्क दिलेत. या साईटींवरचे रिव्ह्यू वाचा, पगाराचा टॅब सोडून. त्यात एकच गोष्ट शोधायची, ‘सॅलरी डिले’. कन्स्ट्रक्शनमध्ये पगार किती यापेक्षा पगार कधी हा प्रश्न मोठा आहे, आणि याचं कारण धंद्यातच आहे. कॉन्ट्रॅक्टरने काम करायचं, आरए बिल लावायचं, क्लायंट किंवा त्याचा पीएमसी (प्रोजेक्ट मॅनेजमेंट कन्सल्टंट) ते तपासणार, मोजमापावरून भांडण होणार, रिटेन्शन, म्हणजे हमी म्हणून अडवून ठेवायची रक्कम, कापणार, मग पेमेंट. या मधल्या काळात डिझेल, स्टील, सिमेंट, लेबर हे थांबत नाहीत, लेबरचे पैसे थांबले तर दुसऱ्या दिवशी साईट बंद पडते, मग थांबतं काय तर स्टाफचा पगार, कारण इंजिनिअर पोरं काम सोडून जात नाहीत. एकाच कंपनीबद्दल वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या गावच्या लोकांनी दोन महिने, तीन महिने पगार नाही असं लिहिलं असेल तर ते खरं धरा. एकट्याची तक्रार असेल तर भांडण असू शकतं, चार गावच्या लोकांचं भांडण सारखं कसं असेल. या कामासाठी या साईटी खरंच उपयोगी आहेत, त्यांच्यामुळे आमच्या ग्रुपमधल्या काही मुलांनी वेळेत नकार दिलाय आणि मला त्याचं फार बरं वाटलंय.

उशिरा पगार देणारी कंपनी ओळखायचा अजून एक मार्ग आहे, जो कॉलेजात कुणी सांगत नाही. बँकेचं मोठं कर्ज किंवा बँक गॅरंटी घेतलेल्या बऱ्याच कॉन्ट्रॅक्टरांना क्रेडिट रेटिंग घ्यावं लागतं, आणि क्रिसिल, इक्रा, केअर वगैरे एजन्सी त्याची कारणं सांगणारा कागद आपल्या वेबसाईटवर फुकट टाकतात. कंपनीचं नाव टाकून शोधा. त्यात ऑर्डर बुक किती, उधारी किती अडकली, पैसे यायला किती दिवस लागतात, हे साध्या भाषेत लिहिलेलं असतं. ‘इश्युअर नॉट कोऑपरेटिंग’ असा शेरा दिसला, म्हणजे कंपनी एजन्सीला माहितीच देत नाहीये, तर मी तरी ज्युनिअरला आधी प्रश्न विचारायला लावते आणि मग जॉईन व्हायला. आणि कंपनी शेअर बाजारात लिस्टेड असेल तर तिच्या वार्षिक अहवालात कर्मचाऱ्यांचा मधला पगार, म्हणजे मीडियन, त्या वर्षी किती टक्के वाढला हे छापावं लागतं, कंपनी कायद्याच्या कलम 197 खाली. फ्रेशरचा आकडा त्यात मिळत नाही पण ही कंपनी माणसांना वाढ देते का नाही हे कळतं.

मग पगार बरोबर आहे का हे ताडायचं कशाशी? मी तीन ठिकाणी बघते.

खालची पायरी म्हणजे सरकारची अप्रेंटिस योजना, नॅट्स. 2019 च्या नियमांनी पदवीधर अप्रेंटिसला महिना किमान 9,000 आणि डिप्लोमावाल्याला 8,000 स्टायपेंड ठरवला, आणि त्या किमान रकमेतला निम्मा भाग केंद्र सरकार भरतं. तो शिकण्याचा एक वर्षाचा करार आहे, त्यात पीएफ नसतो. त्यामुळे ‘ट्रेनी’ म्हणून दहा-अकरा हजार देऊन बारा तास राबवून घेणाऱ्याला मी नोकरी म्हणत नाही. एवढ्यावरच जायचं असेल तर नॅट्सवर नोंदवलेल्या चांगल्या ठिकाणी जावं, निदान सर्टिफिकेट मिळतं आणि कागद सरळ असतो.

वरची पायरी सरकारी वेतनश्रेणी. राज्यात कनिष्ठ अभियंता स्थापत्य एस-14, सुरुवातीचं बेसिक 38,600. स्थापत्य अभियांत्रिकी सहाय्यक एस-8, 25,500. एमपीएससीतून सहायक अभियंता श्रेणी 2 लागलात तर एस-15, 41,800. केंद्रात एसएससीचा, म्हणजे स्टाफ सिलेक्शन कमिशनचा, जेई लेव्हल 6, 35,400. हे सगळं नुसतं बेसिक, वर महागाई भत्ता आणि घरभाडं वेगळं. घरातले मोठे लोक याच आकड्याशी तुमची प्रायव्हेटची ऑफर ताडणार आणि म्हणणार बावीस हजारात काय होतंय. त्यांचंही चुकत नाही, पण ती पोस्ट मिळेपर्यंत दोन-तीन वर्षं अभ्यासिकेची फी, पुस्तकं, सदाशिव पेठेतलं भाडं हे कुणीतरी भरत असतं, आणि जागा किती आणि फॉर्म किती हे सगळ्यांना माहितीये. एक मात्र लक्षात घ्या, काही सरकारी ऑफिसांत एजन्सीमार्फत कंत्राटी इंजिनिअर घेतात, ऑफिस तेच, खुर्ची तीच, पण वेतनश्रेणी लागू नसते. जाहिरात आली की कायम का कंत्राटी हे आधी वाचा.

आणि तिसरी, माझी सगळ्यात आवडती, टेंडर. सिव्हिलवाल्याला स्वतःची किंमत त्याच्याच कागदात सापडते आणि कुणी बघत नाही. सीपीडब्ल्यूडीच्या, म्हणजे केंद्राच्या बांधकाम खात्याच्या, कराराच्या अटींमध्ये कलम 36 आहे, टेक्निकल स्टाफचं. कॉन्ट्रॅक्टरने कामावर किती अनुभवाचे किती डिग्रीवाले आणि किती डिप्लोमावाले ठेवायचे, आणि नाही ठेवले तर माणशी दरमहा बिलातून किती कापायचे, हे त्या टेंडरच्या शेड्युल एफमध्ये आकड्यासकट छापलेलं असतं. टेंडरं ऑनलाईन बघता येतात. तुम्हाला ज्या प्रकारच्या कामावर घेतायत तसलं एक टेंडर काढा, तुमच्या पदासमोरचा कपातीचा आकडा बघा आणि लेटरवरचा पगार शेजारी ठेवा. कपातीचा आकडा म्हणजे पगार नव्हे हे मला कळतं, पण तुम्ही साईटवर नसलात तर कॉन्ट्रॅक्टरचं किती नुकसान ठरवलंय ते तिथे लिहिलेलं असतं, आणि तुम्हाला त्याच्या निम्मे देत असतील तर बोलायला तोंड आहे. कन्सल्टन्सीचंही तसंच, हायवेच्या सुपरव्हिजनच्या कामात माणसाचे मॅन-मंथ रेट (माणशी दरमहा दर) लावून बिल होतं. माझं कामच बिलिंगचं असल्यामुळे मला हे रोज दिसतं आणि ज्यांच्या नावावर ते बिल होतं त्या पोरांना ते दिसत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

या सगळ्यात कामाचा प्रकारही बघा, यावर साईटी काहीच सांगत नाहीत. एक हजार कमी मिळाले तरी चालतील पण पहिल्या वर्षी कुणीतरी बीबीएस (सळ्यांचा तक्ता) काढायला, लाईन-आऊट (जागेवरची आखणी) द्यायला, काँक्रीटच्या क्यूब टेस्टचे रिपोर्ट वाचायला, मेजरमेंट शीट भरायला शिकवणारं हवं. नुसतं लेबर मोजायला आणि सिमेंटच्या गोणी मोजायला उभं करणार असतील तर दुसऱ्या नोकरीच्या इंटरव्ह्यूत सांगायला काही उरत नाही. इंटरव्ह्यूत सरळ विचारा, मी कोणाच्या हाताखाली असणार, ते किती वर्षं इथे आहेत. तो सीनिअर तिथे पाच वर्षं टिकला असेल तर कंपनीबद्दल बरंच कळतं. मोठ्या कामाचं नाव, मेट्रो म्हणा, बुलेट ट्रेन म्हणा, ऐकायला छान असतं पण तुम्ही मेन कंपनीत आहात का तिसऱ्या पायरीच्या सबकॉन्ट्रॅक्टरकडे, हे लेटरवर बघा. दोघांचं हेल्मेट सारखं दिसतं, पेस्लिप वेगळी असते.

पेस्लिपवरून आठवलं. अर्धा पगार बँकेत आणि अर्धा रोख, असं लहान कॉन्ट्रॅक्टर सर्रास सुचवतात, टॅक्स वाचतो म्हणून. नव्या टॅक्स पद्धतीत 2025-26 पासून पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत टॅक्सच लागत नाही, मग तुमचा कसला वाचतो? वाचतो तो त्यांचा पीएफ. आणि तुमचं नुकसान दोन वर्षांनी कळतं, पुढची कंपनी मागच्या पगाराचा पुरावा मागते आणि बँक स्टेटमेंटवर निम्माच दिसतो, वाढ त्या निम्म्यावर मिळते. होम लोनच्या वेळी परत तेच. रोखीचे दोन हजार जास्त देत असतील तरी ते सोडा, थोडा कमी पण पूर्ण बँकेत येणारा पगार घ्या असं मी सांगते. जॉईन झालात की पीएफचं पासबुक उमंग ॲपवर बघत चला, महिन्याचा पीएफ पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायचा असतो. पगारातून कापतायत आणि पासबुकात येत नाहीये असं दोन महिने झालं तर ती धोक्याची घंटा आहे, दुसरीकडे शोधायला लागा.

ओरिजिनल मार्कशीट आणि डिग्री कुणाकडेही ठेवायला देऊ नका, बॉन्डच्या नावाखाली मागतात. झेरॉक्स द्या, ओरिजिनल दाखवून परत घ्या. ब्लँक चेक तर अजिबात नाही. आणि नोकरी लावतो म्हणून मुलाकडूनच पहिल्या महिन्याचा पगार मागणारे एजंट असतात, त्यांच्यासाठी माझ्याकडे मार्कच नाहीत. चांगली कन्सल्टन्सी पैसे कंपनीकडून घेते.

पगार वाढवून मागायचा का, तर हो, पण साईटचा स्क्रीनशॉट दाखवून नाही. एचआर रोज तो बघतात आणि ते म्हणणार हा मुंबईचा आकडा आहे, नाहीतर हा अनुभवी माणसाचा आहे, आणि बऱ्याचदा ते बरोबरच असतं. त्यापेक्षा लेटरच्या ब्रेकअपवर बोला. व्हेरिएबल फिक्समध्ये घ्या म्हणा. रूम देत नसाल तर साईट अलाउन्स द्या म्हणा. प्रोबेशन सहा महिन्यांचं आहे तर कन्फर्म झाल्यावर किती होणार ते लेटरवर लिहून द्या म्हणा. आमच्या ग्रुपमधल्या एका मुलीने एवढंच केलं, एकही पैसा जास्त मागितला नाही, फक्त व्हेरिएबल महिन्याच्या पगारात घालून घेतलं, आणि कंपनीने दुसऱ्या दिवशी सुधारित लेटर पाठवलं. फ्रेशरला बोलायचा हक्क नाही असं कुणी शिकवलं असेल तर ते विसरा. हळू आवाजात, नम्रपणे, पण विचारायचंच. आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून केंद्राच्या नव्या कामगार संहिता लागू झाल्यात, त्यात प्रत्येक कामगाराला नेमणूक पत्र द्यायचं आहे, त्यामुळे ‘आधी जॉईन हो, लेटर नंतर बघू’ याला आता सरळ नाही म्हणा.

तर या साईटी वापरायच्या का, वापरा, फुकट आहेत. कंपनीचे रिव्ह्यू वाचायला चार मार्क, पगाराच्या आकड्याला एक, सरासरी अडीच. टक्केवारीचे ग्राफ बघत बसू नका.

एक विनंती मात्र आहे, जे आधीच नोकरीत आहेत त्यांना. तुम्ही पगार भरता तेव्हा नुसता सीटीसी टाकून बाहेर पडू नका. खाली लिहायची जागा असते तिथे लिहा, डिप्लोमा का डिग्री, कुठल्या जिल्ह्यात, साईट का ऑफिस, महिन्याला किती सुट्ट्या, किती वाजता सुटता, रूम-मेस कोणाची, पगार कितव्या तारखेला येतो आणि मागच्या वर्षी किती वेळा उशीर झाला. कंपनीतून जाताना चिडून एक स्टार देण्यापेक्षा हे लिहिलंत तर पुढच्या बॅचच्या पोरांना मला स्क्रीनशॉट पाठवायची गरज पडणार नाही. मराठीत लिहिलं तरी चालतं, वाचणारे आपलेच असतात.